फी सबीलिल्लाहचा अर्थ मला माहीत होता

हापशाचा शेवटचा नट आवळला की चाचा दांडा चारदोनदा मारत. पाणी आलं की हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला म्हणत, "चाखून सांग, लोखंड लागतं का?" आणि कुणी "चाचा, किती द्यायचं?" असं विचारलं की फडक्याला हात पुसत एवढंच म्हणत, "फी सबीलिल्लाह."

जव्हारला त्यांचं पंपदुरुस्तीचं दुकान होतं. तिथे मजुरी ठोकून घेत. कुणी घासाघीस केली तर चिडत. दानशूर म्हणून तुम्ही ज्यांच्याकडे पाहाल, त्यांतले ते नव्हते. पण शुक्रवारी नमाज झाली की पान्ह्यांची पिशवी मोटरसायकलला अडकवून सूर्यमाळच्या बाजूला चढत. तिथल्या एका पाड्यावर मी शिक्षक होतो.

हापशावरच्या बायका त्यांना छेडत. बुधी नावाची एक फार बोलकी होती. "चाचा, घरचा नळ तरी नीट हाय का?"

"तीन महिने गळतोय," चाचा म्हणत. "तिथं ना मजुरी, ना पुण्य. नुसत्या शिव्या!"

एकदा मी त्या शब्दांचा अर्थ विचारला.

"अल्लाहच्या वाटेत," ते म्हणाले. "म्हणजे तुमच्याकडून काही घ्यायचं नाही. पैसा नाही, कोंबडी नाही, आभारसुद्धा नाही."

"म्हणजे जकात?"

"छे! जकात म्हणजे ठरलेलं दान, ते रमजानात घरातून जातं. हे त्याच्या वरचं." पान्हा पिशवीत टाकत ते पुढे म्हणाले, "आणि समोरचा कुठल्या देवाचा, हे विचारायचं नाही, गुरुजी. विचारलं की संपलं."

माझ्या वर्गातल्या पोरांनी तो शब्द उचलला. कुणी कुणाला खोडरबर दिला की ऐटीत म्हणायचं, "फीसबिल्ला!" मला हसू येई.

मग एका शुक्रवारी खालून तिघे तरुण आले. शाळेतच त्यांनी पाड्याची बैठक भरवली. "हा माणूस फुकट का राबतो? पोरांच्या तोंडी कसले मंत्र घालतो?" एक म्हातारा माझ्याकडे वळला. "गुरुजी, तुमी शिकलेलं. तुमीच सांगा, काय हाय त्याचा अर्थ?"

एक वाक्य पुरलं असतं. पण निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि माझ्याविरुद्ध वर अर्ज जाईल या भीतीने मला घेरलं. मी म्हणालो, "मला माहीत नाही. मुलांना यापुढे म्हणू देणार नाही."

संध्याकाळी मी चाचांना फोन केला. "आता येऊ नका. सरकारी मिस्त्री नेमलाय." असा कुणीही नेमलेला नव्हता.

"अच्छा झालं," ते म्हणाले. "त्याला सांगा, आतला चामड्याचा वायसर घासलाय."

एप्रिलात हापसा बंद पडला. बायका दरीतल्या झऱ्यावर उतरू लागल्या. त्या चढावर बुधी हंड्यासकट पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. झोळी करून लोक तिला जीपपर्यंत नेत होते, ते मी शाळेच्या दारातून पाहिलं. तिला भेटायला मात्र गेलो नाही.

मागच्या पावसाळ्यात चाचा गेल्याचं कळलं. जव्हारला त्यांच्या घरी जाऊन मी त्यांच्या पत्नीला सगळं सांगितलं. मधे कितीदा तरी अडखळलो.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "शुक्रवार होता ना तो? ते आलेच होते. खिडकीबाहेर उभे होते. तुमचं बोलणं ऐकून तसेच परतले."

"मला कधी बोलले नाहीत."

"मीच म्हटलं, गुरुजींना जाब विचारा. तर माझ्यावरच चिडले. म्हणाले, नोकरीचा माणूस आहे, घाबरला असेल." त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "हापसा बंद पडल्याचं कळलं तेव्हा निघालेही होते. फाट्यावरून त्या पोरांनी परत पाठवलं. शेवटी तापात सारखं विचारायचे, तो दुरुस्त झाला का म्हणून. मी काय सांगणार? तुम्हीच सांगा, झाला का?"

"मी होतो तोवर तरी नाही," एवढंच मी म्हणालो. निवृत्त झाल्या दिवसापासून मी त्या पाड्यावर फिरकलोच नव्हतो.