एरोग्रामवरची उरलेली जागा

मी सासऱ्यांना पत्रातून थाप मारली, ती केवळ एरोग्रामच्या तळाशी दोन बोटं जागा उरली होती म्हणून.

कोकणातल्या माणसाला कोरी जागा बघवत नाही. परसात असली तर तो माड लावतो, पत्रात असली तर काहीतरी लिहितो. मी लिहिलं : 'मगरिबची नमाज आम्ही घरात मिळून पढतो. इमामत मीच करतो. सबाला सूराही मीच शिकवतो.' मग कडा चिकटवल्या आणि पत्र न्यू जर्सीहून चिपळूणला रवाना केलं.

खरी परिस्थिती अशी होती. मगरिब म्हणजे सूर्यास्ताची नमाज आणि इमामत म्हणजे पुढे उभं राहून ती सर्वांना पढवणं; यातलं दुसरं मी कधी केलंच नव्हतं. नमाजेत फातिहा, म्हणजे कुराणाचा पहिला अध्याय, झाला की आणखी एखादा छोटा अध्याय, म्हणजे सूरा, म्हणायचा असतो. लहानपणी मदरशात पाठ केलेल्या, अगदी सगळ्यांत छोट्या दोन सूरांवर मी तीस वर्षं काढली होती. एकटा पढत होतो, विचारणारं कोण? आमच्या आठ वर्षांच्या मुलीला, सबाला, शिकवायची ती माझी बायको, नसीम. मी त्या वेळी पेपर वाचत असे. (तोही मन लावून नाही.)

सासऱ्यांचं उत्तर आलं ते नसीमने स्वयंपाकघरात मोठ्याने वाचलं. 'हनीफमियां, वाचून डोळे भरून आले. जूनमध्ये येतो आहे. तुमच्या मागे उभं राहून नमाज पढण्याची इच्छा आहे.'

तिने पत्राची घडी घातली. "तुम्ही इमामत करता?"

"लिहिण्याच्या ओघात आलं ते."

"आणि सबाला शिकवता."

"तोच ओघ."

"आता त्याच ओघात पाठ करा."

मी मार्ग शोधू लागलो. "अब्बा एवढे वडीलधारे. त्यांनाच पुढे उभं करू ना!"

"अब्बा चाळीस वर्षं मास्तर होते. ज्याचं घर त्याची इमामत, हे आम्हाला त्यांनीच शिकवलंय. ते काही पुढे होणार नाहीत."

"मग मगरिबला मी ओव्हरटाइम घेतो."

"जूनमध्ये इथे सूर्य साडेआठला मावळतो. तुमचा रंगाचा कारखाना साडेचारला बंद होतो. चार तास काय, भिंत वाळायची वाट बघणार?"

दुपारच्या नमाजा मनातल्या मनात म्हणायच्या असतात, त्यांची काळजी नव्हती. मगरिबच्या पहिल्या दोन रकाती, म्हणजे आवर्तनं, मात्र मोठ्या आवाजात. आणि अमेरिकेचा सूर्यसुद्धा बायकोच्या बाजूने.

मग घरभर चिठ्ठ्या लागल्या. नसीमने देवनागरीत सूरा लिहून एक फ्रिजवर, एक आरशावर आणि एक गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवली. दुआ-ए-कुनूत या लांबलचक प्रार्थनेला शॉवरशेजारची जागा मिळाली. तिची शाई पहिल्याच दिवशी ओघळली आणि मला दोन दिवस सुट्टी मिळाली. शिवाय एका हैदराबादी मित्राकडून कॅसेट आणली. ती गाडीत लावायची, त्यातले कारी साहेब कुराण म्हणतील तसं मागोमाग म्हणायचं. मागच्या सीटवर सबा. ती दुसऱ्या दिवशी पाठ म्हणू लागली. मी दुसऱ्या आठवड्यात चिठ्ठीचा रंग ओळखू लागलो.

सगळ्यांत छळलं ते सूरा काफिरूनने. सूरा सहा ओळींची, पण तिच्यात एक आयत, म्हणजे ओळ, दोनदा येते, शब्द न शब्द तीच. पहिल्यांदा आली की पुढे आणखी मजकूर आहे. दुसऱ्यांदा आली की पुढे शेवटची आयत, संपलं. म्हणणाऱ्याने फक्त एवढंच लक्षात ठेवायचं, की आपण आता पहिल्यांदा इथे आलोय की दुसऱ्यांदा.

एका शनिवारी आयसेलिनला किराणा आणायला निघालो होतो आणि मी हेच लक्षात ठेवत होतो. वाटेत ट्रॅफिक सर्कल लागलं, कडेला एक डायनर, म्हणजे रस्त्याकाठचं हॉटेल. न्यू जर्सीत ही गोल चक्करं पावलोपावली. आत शिरणं सोपं, नेमक्या फाट्याला बाहेर पडणं हा पुरुषार्थ. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "डॅडी, तो डायनर पुन्हा आला. फोर टाइम्स."

"माहितीये मला."

"देन व्हाय आर वुई हिअर?"

त्या दिवशी तांदूळ उशिरा आले. पुढे काय होणार याचा इशारा मात्र वेळेवर मिळाला होता, मीच घेतला नाही.

अब्बा आले. विमानतळावरून घरी येताना गाडीत चिठ्ठी बघून म्हणाले, "वा, प्रवासातही अभ्यास!" मी नम्रपणे मान खाली घातली. (पुढे लाल सिग्नल होता, तो हुकला.)

संध्याकाळच्या चहाला त्यांनी विचारलं, "हल्ली सबाला कुठली सूरा शिकवताय?"

"काफिरून," मी म्हणालो. सबाने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे.

"मग आज इमामतीत तीच ऐकू द्या."

नसीमने मला आत बोलावलं. "तुमच्या त्या जुन्या दोनच म्हणा. छोटी सूरा म्हटली तरी नमाज पुरी होते. अब्बाही काही बोलणार नाहीत."

बोलणार नाहीत, पण समजणार तर! तीस वर्षांत दोनच सूरा, हे त्यांना कळणं मला मंजूर नव्हतं. मी पुढे उभा राहिलो. उजव्या हाताला जरा मागे अब्बा, आमच्या मागे नसीम आणि सबा.

फातिहा झकास झाली. काफिरून सुरू केली. ती आयत आली. पुढे गेलो. ती आयत पुन्हा आली. आता ही पहिली की दुसरी? मनात शंका आली आणि पाय घसरावा तशी जीभ घसरली, मी पुन्हा पुढच्या आयतीवर. ती संपली, की अर्थातच, तीच आयत. तिसऱ्या फेरीला कपाळावर घाम आला. चौथ्या फेरीला मला खराखुरा तो डायनर दिसला.

मागून टाळी वाजली. इमाम चुकला तर बायकांनी हातावर हात मारून कळवायचं, अशी रीत आहे. नसीमने आधी हलकी मारली. पुढच्या फेरीला जरा जोरात. त्यापुढची शेजारच्या घरात ऐकू गेली असेल. पण चुकलोय हे मलाही कळत होतं. टाळी चूक दाखवते, फाटा दाखवत नाही.

सहाव्या फेरीला मागून एक बारीक, स्वच्छ आवाज आला. सबाने शेवटची आयत म्हटली, थेट कारी साहेबांच्या थाटात. मी ती दोन्ही हातांनी पकडली, बाहेर पडलो आणि रुकूसाठी कमरेत वाकलो. दुसऱ्या रकातीला निमूटपणे माझी तीस वर्षांची सोबतीण सूरा काढली.

उजवीकडे-डावीकडे सलाम फेरून नमाज संपवली. मागे वळून मी म्हणालो, "अब्बा, तुम्ही तरी आठवण करून द्यायचीत."

"आपल्यात रीत अशी, की इमाम अडून गप्प झाला की मगच मागच्याने सांगायचं," अब्बा तस्बीहचे मणी ओढत म्हणाले. "तू गप्प होईनास."

हनीफमियांचा एका नमाजेत 'तू' झाला होता. चाळीस वर्षांच्या मास्तरांना नवा विद्यार्थी सापडला होता.

"नाना, ही डझ दॅट विथ द कार टू," सबा म्हणाली.

"पण तुला तर हाच शिकवतो ना?"

"नो, अम्मी शिकवते. डॅडी इज इन माय क्लास."

अब्बा हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून कारखान्यातून आलो की ते कोचावर बसत, समोर गालिच्यावर सबा आणि मी. तिला पाठ झालं की तिला बाहेर खेळायला सुट्टी. मी आत. खिडकीतून तिची सायकल जाताना दिसे. आणि रोज मगरिबला मी त्यांना पुढे व्हा म्हटलं, की ते माझ्या पाठीवर हात ठेवून मलाच पुढे ढकलत. "घर तुझं आहे. चुकलास तर आम्ही आहोत मागे."

सप्टेंबरपर्यंत माझ्या दहा सूरा झाल्या. काफिरूनसकट.

अब्बा परत जायच्या आठवड्यात नसीमने चिपळूणला आपल्या अम्मीला पत्र लिहिलं. तळाशी नेमकी दोन बोटं जागा उरली होती. मी सवयीने पेन उचललं.

"ठेवा ते," नसीम म्हणाली. "तिथे सबा लिहील. तिला कुठे थांबायचं ते कळतं."