आधी गेट, मग सेट

सरांच्या पत्नीचा, काकूंचा फोन आला तेव्हा मी घोटीच्या भातगिरणीत काट्याला केबल जोडत होते. "अगं, सर गेले..." एवढंच म्हणाल्या. खोटं कशाला बोलू, पहिलं मनात आलं ते हेच, की सांगायचं राहूनच गेलं.

मधुकर सर वजनकाटे संगणकाला जोडून द्यायचे, मी त्यांची मदतनीस. काट्याची केबल संगणकात जिथे लागते त्या सिरियल पोर्टला हात लावण्याआधी ऑपरेटिंग सिस्टिमकडून त्याची चालू सेटिंग मागून घ्यायची, जपून ठेवायची, मग काट्याशी जुळणारा वेग नि पॅरिटी वगैरे आपली सेटिंग लावायची आणि निघताना जुनी सेटिंग परत घालायची, हा त्यांचा नेम. "आधी गेट, मग सेट. आधीचं मागून घे, मग आपलं लाव. दुसऱ्याच्या घरी पाट सरकवला तर जागेवर ठेवतो ना आपण?" दहादा ऐकवायचे. मी मेली कंटाळायचे.

देवळ्याला एका कांदा व्यापाऱ्याकडे मी घाईत प्रोग्रॅममधली गेटची ओळच गाळली, म्हणजे निघताना परत घालायला जुनी सेटिंगच नव्हती. चाचणी झाली, आम्ही निघालो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जुन्या प्रोग्रॅमवर वजनाच्या जागी नुसती अगम्य चिन्हं! आम्ही धावत परत गेलो, तर कांद्याचे ट्रॅक्टर रस्त्यापर्यंत उभे. "ओ सर, काटा काय बोलंना!" एक ड्रायव्हर ओरडला. सर घामाघूम. व्यापारी वाट्टेल ते बोलला. "ती ओळ मीच विसरलो वाटतं," सर पुटपुटले. त्यांना खरंच तसं वाटलं होतं... आणि मी गप्प बसले.

त्यानंतर ते प्रत्येक काम तीन-तीनदा तपासायचे. "वय झालं गं, भरवसा नाही माझा," म्हणायचे. शेवटच्या भेटीतही म्हणाले. मी म्हटलं, काहीतरीच काय सर, चहा घ्या.

परवा काकूंनी गंगापूर रोडच्या घरी बोलावलं, सरांच्या संगणकातलं कामाचं काय ते बघून घे म्हणून. टेबलावर त्यांचा चष्मा तसाच होता. देवळ्याचा प्रोग्रॅम उघडला. गेटची ओळ सरांनी नंतर घातलेली, आणि तिच्यावर टीप: 'इथे मी विसरलो होतो. पुन्हा नको.'

मला रडू आवरेना. त्याखाली टाइप केलं: 'सर, तुम्ही नाही. मी विसरले होते.' सेव्ह केलं.

"झालं का गं?" काकूंनी आतून विचारलं.

"नाही काकू," म्हटलं, "जरा इकडे येता? तुम्हाला एक सांगायचंय."