वेलीतलं उलटं पान

माझ्या काकूला घरात सगळे फौजदार म्हणतात, अर्थात तिच्या पाठीमागे. दूधवाल्याने हसून विचारपूस केली तरी हिच्या मनात पाल चुकचुकते. भरतकामात मात्र तिचा हात धरणारं कोणी नाही. पण भरताना कोणी खोलीत आलं की रिंग पालथी घालून वर वर्तमानपत्र पसरणार. वेलीचं अवघड वळण आलं की सख्ख्या लेकीलासुद्धा "जरा बाहेर जा" म्हणायची. लेकीच्या पोटात काही राहत नाही, म्हणे.

मी नोकरी करते त्या संग्रहालयात जुनी गाणी, बाहुल्या, नक्षीकाम असं सगळं फोटो आणि आवाजाच्या रूपात संगणकावर जपून ठेवतात. काकूचे नमुने तिथे यावेत म्हणून मी कितीतरी दिवस तिच्या मागे लागले होते. हा भाग कोणालाही उघडता येत नाही, अर्ज करून कारण पटवावं लागतं, मगच आम्ही पासवर्ड देतो, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

"कुलूप तुमचं, किल्ली तुमची," ती म्हणाली, "मग बंद आहे असं कोणाला सांगतेस?"

शेवटी तिने नवीन कापडावर नमुने भरून दिले. इतक्या सहज दिले की खरं तर मलाच शंका यायला हवी होती.

पुढे एक दिवस ती तडक माझ्या टेबलापाशी आली आणि पिशवीतून एक झबलं काढून समोर आपटलं. शेजारणीच्या नातवाला कोणीतरी फोनवरून मागवून दिलेलं. गळ्याभोवती काकूचीच वेल होती. सारखी दिसत असेल, मी म्हटलं. तेव्हा तिने एका पानावर नख ठेवलं. बाकीच्या पानांची टोकं शेंड्याकडे, या एकट्याचं मुळाकडे. आम्हाला दिलेल्या प्रत्येक नमुन्यात तिने असं एक पान मुद्दाम उलटं भरलं होतं, चोर सापडावा म्हणून. तिच्या स्वतःच्या कामात ते कुठेच नव्हतं. म्हणजे वेल आमच्याच संगणकातून बाहेर गेली होती.

"कोणाला दिलंस?" तिने विचारलं.

सगळं ऑफिस कान टवकारून ऐकत होतं. मला रडू येत होतं आणि संतापही, कारण नाव मला ठाऊक होतं. तो भाग उघडायची परवानगी आजवर एकाच बाईला मिळाली होती आणि ती मीच दिली होती. पण कोण काय बघतं ते बाहेर सांगायचं नाही, हा आमचा नियम. तो मोडला असता तर काकूचा संशय खराच ठरला असता. मी गप्प राहिले, आणि गप्प बसणारा माणूस तर फौजदाराला आयताच सापडतो. नमुने पुसून टाका असं साहेबांना बजावून ती गेली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांत मला चोर ठरवून मोकळी झाली.

मी त्या बाईला फोन केला. तू सांगतेस की मी चोर म्हणून मिरवू, एवढंच विचारलं.

रविवारी काकूच्या खोलीत आम्ही तिघी बसलो. काकूची लेक, माझी चुलत बहीण, झबलं मांडीवर घेऊन म्हणाली, "आई, हे मी भरलंय. अशी झबली मी फोनवरून विकते. वेल तिथले फोटो बघून शिकले."

काकूला पटेना. हिनेच तुला पढवलंय, ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. मग विचारलं, घरात आई असताना फोटो कशाला लागतात?

"तू मला बाहेर पाठवायचीस," बहीण म्हणाली. "मला वाटलं, ते पान तसंच असतं."

काकूने झबलं उजेडात धरलं, उलटवून मागचे टाके पाहिले. तिचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. चोरासाठी भरलेलं पान तिच्या लेकीने आईचं म्हणून जिवापाड जपून गिरवलं होतं. मला दोघींचंही फार वाईट वाटलं.

काकूने कात्री घेतली आणि तेवढं पान उसवलं. सुईत दोरा ओवायला लेकीकडे दिला आणि तिला जवळ बसवून घेतलं. वळण कसं घेतात ते बघावं म्हणून मीही पुढे सरकले.

काकूने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तू जरा बाहेर जा."

मी उठले. माझ्यामागे आतून कडी लागली.