जागा अडवणारं स्टूल

इस्पितळाच्या जिन्याखाली नातेवाइकांचं सामान ठेवायची एक खोली होती, आणि त्या खोलीवर मिरचीमावशींचं राज्य होतं. मिरची हे अर्थात पाठीमागे. तोंडावर सगळे नुसतं मावशी म्हणत. पिशवी घेतली की त्या पितळी बिल्ला समोरच्याच्या हातावर आपटायच्या आणि वर ऐकवायच्या, "हा हरवला तर पिशवी माझी." नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. शेजारीण म्हणे, "घरी भांडायला कुणी उरलं नाही, म्हणून ही बया रजा घेत नाही." त्यात थोडं तथ्य होतं.

खोलीच्या मागच्या भिंतीला एक लाकडी मांडणी होती. तिच्यावरच्या वस्तू कुणाच्याच नव्हत्या. पेशंट बरा होऊन निघाला, की त्याची माणसं नको झालेलं तिथं टेकवून जात. थर्मास, चादर, मग, गरम पाण्याची पिशवी. पेशंट बरा झाला नाही तर जास्तच ठेवून जात, कारण त्या वस्तू घरी नेववत नाहीत. आणि ज्याला अंगावरच्या कपड्यांनिशी धावत यावं लागलं, तो तिथून घेई. ही रीत कुणी पाडली, ते मावशींनाही ठाऊक नव्हतं.

देणं सोपं असतं हो, घेणं महाकठीण. चांगला खाऊन-पिऊन सुखी माणूस, आयुष्यात कुणापुढे हात पसरलेला नाही, आणि आज चादर हवीय. तो मांडणीकडे बघतो, मग छताकडे बघतो, मग घड्याळाकडे. मावशींना ते बघणं लांबून कळायचं. त्या चादर उचलून त्याच्या अंगावर टाकायच्या आणि खेकसायच्या, "घेऊन जा ही ब्याद. जागा अडवून बसलीय माझी." माणूस गडबडून "हो, हो" म्हणत चादर घेऊन पळायचा. आपण काही घेतलं असं त्याला वाटतच नसे. उलट एका कजाग बाईवर उपकार केले असं वाटे. हे मावशींनी कुणाला शिकवलं नव्हतं की सांगितलं नव्हतं. त्यांचा स्वभावच तसा, असं सगळ्यांना वाटायचं, आणि त्यांनाही ते सोयीचं होतं.

एका घड्याळजींनाही मावशींनी असंच फसवलं होतं. आयुष्यभर छोट्या दुकानात बसून लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला हा म्हातारा. त्याची बायको वरच्या वॉर्डात होती. तिथं नातेवाइकांना खुर्ची नाही. दिवसभर खाटेपाशी उभं राहायचं. याचे गुडघे असे, की जिना उतरताना कठड्याला मिठी मारावी लागे. मावशींनी मांडणीवरचं घडीचं स्टूल त्यांच्या काखेत कोंबलं. "हे उचला आधी. रोज ठेच लागते मला." घड्याळजी म्हणाले, "बरं बाई, मी सांभाळतो तुमचं." आणि खरंच सांभाळलं. त्याचा करकरणारा सांधासुद्धा तेल घालून मऊ केला.

मग नवे व्यवस्थापक आले. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट माणसाशी भांडता येतं. त्यांनी एके दिवशी मांडणीपुढे उभं राहून गोड आवाजात विचारलं, "मावशी, हे काय आहे?" इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मावशी विरघळल्या आणि सगळं सांगून बसल्या. कौतुकाला भुललेल्या बाईचं जे व्हायचं तेच झालं.

आठवडाभरात मांडणीला रंग लागला. वर दिवे लागले, फलक लागला: "मायेचा कोपरा". व्यवस्थापकांचा मदतनीस फोन घेऊन उभा राहू लागला. देणाऱ्याचा फोटो, घेणाऱ्याचा फोटो. घेणाऱ्याने जरा हसायचं. मावशी म्हणाल्या, "साहेब, घेणाऱ्याचा कशाला?"

"अहो, त्याशिवाय लोकांना प्रेरणा कशी मिळणार?"

प्रेरणा मिळाली की! फोटो निघतोय म्हटल्यावर देणाऱ्यांची रीघ लागली. ज्यांचं कुणीही इस्पितळात नव्हतं, तेसुद्धा कोऱ्या चादरी घेऊन आले, चांगले कपडे घालून आले. मांडणी ओसंडून वाहू लागली. आणि घेणारे बंद झाले. वर वॉर्डात माणसं गार फरशीवर वर्तमानपत्र अंथरून निजत होती, आणि खाली चादरींचे ढीग दिव्याखाली झळकत होते. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथं कुत्र्याच्याही तोंडी काही लागत नव्हतं.

घड्याळजींचा फोटो वॉर्डातच काढून नेला होता. बायकोची वेणी घालत स्टुलावर बसले होते बिचारे. मदतनिसाने "काका, इकडे बघा" म्हटलं, त्यांनी बघितलं. दुसऱ्या दिवशी तो फोटो इस्पितळाच्या दरवाजासमोर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा लागला. खाली ठळक अक्षरांत: "एका गरजूला मिळाला आधार."

घड्याळजी स्टूल घेऊन खाली आले. ते काउंटरवर ठेवलं, रुमालाने पुसलं.

"मावशी, तुमची जागा अडवत होतं म्हणून नेलं होतं. मला दान दिलंय, हे माहीत नव्हतं."

"अहो, तसं नाही हो..."

"माझं गिऱ्हाईक येतं या इस्पितळात. काल एकाने जिन्यात माझ्या हातावर नोट ठेवली."

एवढं बोलून ते कठडा धरून वर गेले. ज्या बाईने उभ्या जन्मात शेवटचा शब्द दुसऱ्याला बोलू दिला नव्हता, तिला आज तो ऐकून घ्यावा लागला. मग तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यांनी खोलीला कुलूप लावलं. दरवाजासमोरचा तो फोटो भर गर्दीत खेचून काढला, फाडला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. स्टूल उचललं आणि वॉर्डात गेल्या. घड्याळजी खाटेचा दांडा धरून उभे होते.

"बसा. मला हे परत खाली न्यायला जमायचं नाही. कंबर धरलीय."

"मावशी, खोटं बोलताय."

"बोलतेय. बसा."

"नको. आता नाही बसवत."

मावशींचा ओरडा पहिल्यांदाच वाया गेला. जे इतकी वर्षं खपलं, ते आता उघडं पडलं होतं, आणि ते उघडं पाडणारा खाली गोड हसत बसला होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, संतापाचं. तेवढ्यात उशीवरून बारीक आवाज आला.

"अहो, तुम्ही उभे राहिलात की मान वर करून बघावं लागतं. दुखते माझी मान. बसा ना."

घड्याळजी बसले. पण मावशींकडे त्यांनी बघितलं नाही.

खाली येतात तोच निरोप: साहेबांनी बोलावलंय. फोटो कुणी फाडला ते अख्ख्या गर्दीने बघितलं होतं. आता नोकरीवर बेतणार, हे मावशींना कळत होतं. घरी बसून त्या काय करणार होत्या, तेही कळत होतं. साहेबांच्या खोलीबाहेर बाकावर लोक ताटकळत बसले होते. मावशी आत गेल्या. साहेब उठले आणि दार लावायला गेले.

"दार कशाला लावता?" मावशी म्हणाल्या.

"मला तुम्हाला थोडं कडक बोलावं लागणार आहे, मावशी. चारचौघांत तुमचा अपमान व्हायला नको."

"म्हणजे कळतं तुम्हाला," मावशी म्हणाल्या. "मग त्या म्हाताऱ्याच्या वेळी दार कुठं होतं?"

साहेबांचा हात दाराच्या मुठीवर होता. मावशींनी त्यांचा हात बाजूला केला, दार सताड उघडलं आणि बाकावरच्या लोकांसमोर खुर्ची ओढून बसल्या.

"आता बोला, काय बोलायचं ते," त्या म्हणाल्या.