ढीग एकच राहील का?

पूर्णेच्या ज्युनिअर कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवते. शेजारी देश एकत्र येऊन संघटना का करतात, हा धडा दरवर्षी असतो. त्यामुळे चुडाव्याजवळच्या आमच्या गावात सोयाबीन एकत्र विकायला शेतकरी गट निघाला, तेव्हा सरपंचबाई म्हणाल्या, "मॅडम, लोकायला तुमीच समजावून सांगा."

ग्रामपंचायतीपुढच्या मंडपात मी बोलले. युरोपातले देश आपसात युद्धं लढले आणि मग त्यांनीच एक बाजार केला. लहान देशाला एकट्याला कुणी विचारत नाही. चौघांत बसला की त्याचंही ऐकावं लागतं. त्यासाठी प्रत्येकाला थोडी मनमानी सोडावी लागते. लोक माना हलवत होते. मला माझंच कौतुक वाटायला लागलं होतं.

बौद्धवाड्यातले एक वयस्कर काका उठले. "आमचा माल तुमच्याच ढिगात पडंल, का येगळा?"

माझ्या आधी माझे सासरेच बोलले. "येगळा ठिवू की. काटा येगळा, पोती येगळी. तुमालाबी बरं, आमालाबी."

कुणीतरी हसलं. तेलाच्या मिलमध्ये जाणारं सोयाबीन ते. तिथं सगळं एकत्रच भरडलं जाणार. पण सासऱ्यांचं बोलणं चारचौघांत कसं तोडायचं, या विचारात मी गप्प राहिले. काका चपला घालून निघून गेले.

सकाळी मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला.

"काका, मी काल बोलायला पाहिजे होतं."

"आमी रातीच पलीकडच्या गावच्या गटात नावं दिली, बाई. लांब पडतंय, पण तिथं ढीग एकच हाय." मग म्हणाले, "तुमी सांगितलेलं मला पटलं व्हतं. म्हणून तर इचारलं."

मी कप खाली ठेवून उठले.

घरी सासरे म्हणाले, "मी काय वाईट बोललो? सोयीचं बोललो."

"मामा, त्या सोयीमुळंच ते गेले."

ते उठून शेताकडे गेले. पुढं आमच्या गटाचा माल ट्रकभरही झाला नाही, आणि व्यापारी गावात आलाच नाही.

त्या काकांची नात माझ्या वर्गात आहे. परवा तोच धडा शिकवताना मी फळ्यावर कारणं लिहिली: व्यापार, सुरक्षा, शांतता. ती खाली मान घालून उतरवून घेत होती. तास संपेपर्यंत मी तिच्या बाकाकडे गेले नाही.