अकरा वर्षं नाकानं भाजलेली कोंबडी

माझ्या नवऱ्याला, तानोला, फिलिपिन्समधल्या आमच्या हारोत लोक अर्धा संत मानत. उरलेला अर्धा मी घरात रोज बघत होते, पण त्याबद्दल मला कधी कुणी विचारलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी माझ्या पोटात गाठ निघाली. मला शस्त्रक्रियेला आत नेलं, तेव्हा तानो बाहेर व्हरांड्यात गुडघे टेकून बसला आणि कांदेलारिया माऊलीला, आमच्या मरियामातेला, म्हणाला, "हिला वाचव. भाजलेल्या कोंबडीला मी जन्मात तोंड लावणार नाही." घाईत माणूस खरं बोलून जातो. पाच मिनिटं जास्त मिळाली असती तर त्यानं कारली सोडली असती. मी वाचले, आणि कोंबडी गेली.

म्हणजे त्याच्या तोंडातून गेली. हातातून नाही. नवस खाण्याचा होता, भाजण्याचा नव्हता, हे तो फार बारकाईनं समजावून सांगे. दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की परसातल्या अर्ध्या कापलेल्या पिंपात करवंटीचा कोळसा फुले. नारळाचा सिरका, कलामान्सी लिंबू, आलं, लसूण आणि ठेचलेला गवती चहा, यात आदल्या दिवसापासून मुरलेले कोंबडीचे पाय बांबूच्या काड्यांना टोचून जाळीवर चढत. गवती चहाचीच एक काडी ठेचून तिचा कुंचला करायचा आणि शेंदरीचं तेल वरून फासत राहायचं. चाखणं बंद होतं, म्हणून तानो भांड्यावर वाकून डोळे मिटून हुंगायचा. "अजून दोन लिंबं," म्हणायचा. कधी चुकला नाही.

गल्ली जेवायला यायची. "स्वतः खात नाही, दुसऱ्यांना घालतो!" बायका म्हणत. दिवस गेलेल्या सुना पहिला तुकडा मागून नेत. तानो मान खाली घालून ऐके. ही मान खाली घालायची सवय त्याला नवसानंतर लागली, आधी नव्हती.

यंदा जानेवारीत त्याला सर्दी झाली. सर्दी गेली, पण नाक परत आलं नाही. हे त्यानं मलाही सांगितलं नाही. रविवारी तो सिरक्याचा वास येईपर्यंत सिरका ओतत राहिला. वास काही आला नाही. बाटली मात्र संपली.

शेजारची चोलिंग पहिला घास घेऊन क्षणभर डोळे मिटून बसली. मग म्हणाली, "नोंग तानो, फारच चवदार!" नोंग म्हणजे दादा. बाकीचेही तेच म्हणाले. आमच्याकडे यजमानाच्या तोंडावर दुसरं काही म्हणत नाहीत, ताटात काहीही असो. पण निघताना कुणी म्हणालं नाही, "मुलांसाठी थोडं बांधून द्या ना." एकानंही नाही. पातेल्यात सात पाय तसेच उरले. तानो बराच वेळ त्या सात पायांकडे बघत राहिला.

"खाऊन बघ," तो मला म्हणाला.

मी चावले. दात शिवशिवले. "आंबट आहे रे."

"तुला काय कळतंय? शस्त्रक्रियेपासून अकरा वर्षं उकडलेलंच खाऊन तुला पाणीसुद्धा झणझणीत लागतं."

"मग चोलिंगला विचार."

"विचारलं. फारच चवदार म्हणाली." मग त्यानं खाली बसून खरं सांगितलं. नाकाला काही कळत नव्हतं. आणि दोन फेब्रुवारीला माऊलीचा सण, आमच्या दाराशी साठ माणसं यायची. माऊलीच्याच सणाला, माऊलीनंच वाचवलेल्या घरात, लोकांचे दात आंबवायचे?

"फादरांकडे जाऊ. नवस सोडवून घेऊ, मग जिभेनं तरी चाखता येईल," मी म्हणाले.

"आणि तुझी गाठ परत आली तर?"

"माऊली माझ्या पोटावर राग काढणार आहे का? तुझं नाक बसलं म्हणून?" मी हसत म्हणाले. रात्री मात्र जपमाळ दोनदा म्हटली.

फादर एलिसेओंनी शांतपणे ऐकून घेतलं. "नवस मोडता येत नाही, तानो. पण बदलून देता येतो. तितकाच जड हवा."

"रोज पहाटे जपमाळ म्हणतो, फादर."

"ती तशीही म्हणायला हवी. म्हणत नाहीस?"

तानोनं मान खाली घातली. ही मान मात्र खरी होती.

"बिअर घेतोस ना?" फादरांनी विचारलं.

"कोंबडी भाजताना एक. फक्त एक. निखाऱ्याची धग असते ना, फादर."

मी भिंतीवरच्या संत योसेफाकडे बघत राहिले.

"तीच सोड."

"कायमची?"

"कोंबडी काय सहा महिन्यांसाठी सोडली होतीस?" फादर म्हणाले. तानोनं मोठा सुस्कारा सोडून हो म्हटलं. फादरांनी हात उंचावून आशीर्वाद दिला आणि आम्ही दारापर्यंत पोचलो तेव्हा सहज विचारलं, "सणाला कोंबडीच्या काळजाच्या काड्या असतील ना यंदा?"

सणाच्या सकाळी पहिला पाय उतरला. चोलिंग आणि आणखी दहा-बाराजणी कुंपणापाशी जमल्या. संत खाणार, हे कुणाला चुकवायचं नव्हतं. तानोनं क्रूसाची खूण केली, घास चावला, बराच वेळ चघळत राहिला.

"आंबट बरोबर. मीठ थोडं हवं," तो मोठ्यानं म्हणाला.

मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "बाकी?"

"बाकी काही नाही. धूर नाही, लसूण नाही. ओला पुठ्ठा चावल्यासारखं वाटतंय." अकरा वर्षांनी. पण साठ माणसं जेवली, आणि जाताना प्रत्येकानं बांधून मागितलं. फादरांनी काळजाच्या पाच काड्या खाल्ल्या आणि दोन कागदात गुंडाळून नेल्या. चोलिंगनं तीन पुडकी घेतली, आणि फाटकापाशी थांबून म्हणाली, "आता तुम्हीही खाता म्हणून सांगते हं, नोंग तानो. लसूण जरा कमी पडला."

अकरा वर्षांत त्याच्या कोंबडीत कुणी खोट काढली नव्हती. संध्याकाळपर्यंत चौघींनी काढली. एकीनं तर कोळसाच चुकीचा म्हटला. सुनांसाठी पहिला तुकडा मागायला कुणी आलं नाही.

नाक परत आलं ते राखेच्या बुधवारी. कपाळाला राख लावून आम्ही घरी येत होतो, कुणीतरी सुका मासा तळत होतं, आणि तानो रस्त्यातच थांबला. "येतोय," तो म्हणाला. "वास येतोय!" पण तो दिवस मांस वर्ज्य.

गुरुवारी त्यानं एकच पाय भाजला. कुणाला बोलावलं नाही. मी स्टूल ओढून शेजारी बसले. चरबी निखाऱ्यावर ठिबकली, धूर वर आला, आणि त्याचे डोळे भरून आले. धुरानं असतील.

त्यानं पहिला घास घेतला आणि माझ्याकडे वळला. "पोटात काही दुखतंय का?"

"नाही."

दुसरा घास. "आता?"

"नाही रे. खा."

हाड उघडं पडेपर्यंत त्यानं पाच वेळा विचारलं. मी पाचही वेळा नाही म्हटलं. खरं तर त्या बुटक्या स्टुलावर बसून थोडं दुखत होतं. पण ते पाठीत.