अभिमनने वाकवलेल्या नळ्या

अभिमनच्या दशक्रियेला त्याच्या गावी, पिंपळनेरला, लोकांनी झुलालला पुढं केलं. "तुम्ही त्याच्या जवळचे. चार शब्द बोला." झुलाल उभा राहिला आणि तसाच खाली बसला. जळगावच्या एकाच कारखान्यात दोघांनी उमेदीची वर्षं काढली होती, पण अभिमनला भाऊ किती, हे झुलालला त्या दिवशी कळलं. त्यानं आयुष्यभर अभिमनकडं पाहिलं ते एवढ्याचसाठी, की आपल्याला न मिळालेलं याला काय काय मिळालंय.

कारखाना गिरधरनानांचा, एमआयडीसीतला. मोठमोठ्या ठिकाणी मापयंत्रांच्या नळ्या बसवून द्यायचं काम. झुलाल पारोळ्याचा, धुळ्याच्या आयटीआयमधून ड्राफ्ट्समन झालेला. अभिमनही त्याच आयटीआयचा, पण फिटर. झुलालनं नकाशा काढायचा आणि अभिमननं त्याबरहुकूम नळी वाकवायची, अशी रीत होती. नाव मात्र अभिमनचं व्हायचं. तो शेडमध्ये शिरला की हशा पिके. तिशीतच सगळे त्याला आबा म्हणू लागले. झुलालला हाक यायची ती ‘ओ ड्राफ्ट्समन’ अशी. दोघं मेहरूणमध्ये शेजारच्या गल्ल्यांत राहायचे. एकदा झुलालची बायको प्रमिला सहज बोलून गेली, "अभिमनभाऊ आले की घर भरल्यासारखं वाटतं." त्या रात्री झुलाल अर्धी भाकरी ताटात टाकून उठला.

नव्वदच्या सुमाराला नानांना एका अणुवीज केंद्राचं काम मिळालं. "हे नीट पार पडलं की ड्रॉइंगचा विभाग तुझ्या हाती," नाना झुलालला म्हणाले. झुलालनं जीव ओतला. मोठ्या पाइपातल्या पाण्याचा दाब मापयंत्रापर्यंत नेणाऱ्या त्या करंगळीएवढ्या पोलादी नळ्या. त्यानं त्या कागदावर अशा काढल्या, की पाहत राहावं. सगळ्या एका पातळीत, एकमेकींना समांतर. वाटेत केबली वाहून नेणारी लोखंडी शिडी आडवी आली तिथं नळ्या काटकोनात वर चढवल्या आणि काटकोनातच उतरवल्या. दाराच्या चौकटीसारख्या.

केंद्र सुरू व्हायच्या आधीच्या चाचणीत तिथल्या साहेबांना दिसलं, की एकाच पाइपावरची दोन मापयंत्रं दोन आकडे दाखवताहेत. नळ्यांना उतारच नव्हता. आतली हवा बाहेर पडायला वाट नाही. चौकटीच्या माथ्यावर बुडबुडा अडकून बसायचा आणि आकडा चुकायचा.

"नळी आहे ती, झुलाल," नाना म्हणाले. "रांगोळी नव्हे."

दुरुस्तीला अभिमनला पाठवलं. आठवड्याभरात निरोप आला, झुलाललाही धाडा. केंद्राकडं जाणाऱ्या तापी लाइनच्या पॅसेंजरमध्ये झुलाल खिडकीशी मान खाली घालून बसून राहिला. विभाग हातचा गेला, हे त्याला कळून चुकलं होतं.

तिथं रीतच उलटी झालेली. अभिमन जागेवर नळी धरायचा, डोळ्यानं उतार घ्यायचा, वाकवायचा. आणि झुलालनं ती पाहून नकाशा काढायचा.

"मी वाकाडस, तू काढी ले," अभिमन हसत म्हणायचा.

झुलाल काढायचा. पण नळी बसली की उतार पाहायची पाणसळ घेऊन तिच्यावरून फिरायचा, वीतवीतभर सरकवत. काम तपासणं हे निमित्त. अभिमनचा हात कुठंतरी चुकलेला आपल्या डोळ्यांनी बघायचा, एवढीच त्याची आस. आणि एका खांबामागं, जिथं हात जेमतेम पोचत होता, तिथं पाणसळीतला बुडबुडा बरोबर मधोमध येऊन थांबला. नळी तिथं सपाट होती. झुलालच्या छातीत असं काही भरून आलं, जसं लग्नातही आलं नव्हतं.

त्यानं मुद्दाम साहेबांना बोलावलं. चार फिटर उभे होते, त्यांच्यादेखत दाखवलं.

अभिमननं पाणसळ स्वतः लावून पाहिली. "खरं शे," तो म्हणाला. मग साहेबांकडं वळला. "म्हणून तर नानांकडून मी याला मागून घेतला, साहेब. माझ्या कामाकडं हा सवतीच्या पोराकडं बघावं तसं बघतो. दुसरा असता तर ‘आबा, झकास’ म्हणून चहाला गेला असता."

सगळे हसले. झुलाललाही हसावं लागलं. जन्मात एक बाजी हाती आली होती, तीही अभिमननंच मांडून दिलेली निघाली.

काम पास झालं. जळगावला परतल्यावर नानांनी दोघांना समोर उभं केलं. "विभाग अभिमनला द्यावा म्हणतो."

"खुर्चीत बसून माझं पोट सुटेल, नाना. याला द्या. खोट काढायला याच्यासारखा माणूस नाही तुमच्याकडं."

अशी ती खुर्ची झुलालला मिळाली. त्यानं ती चांगली सांभाळली. उताराचा बाण दाखवल्याशिवाय एकही नकाशा तो पुढं जाऊ देत नसे. पण रोज सकाळी तिच्यात बसताना त्याला वाटायचं, शेजाऱ्यानं नको म्हणून उतरवलेला सदरा आपण अंगात घालतोय. मागून घेतली असती, भांडून घेतली असती, तर बरं झालं असतं.

पुढं अभिमनला त्या केंद्रावरच कायमची नोकरी लागली. तो निघाला त्या दिवशी प्रमिलेनं डबा बांधून दिला आणि झुलालला स्टेशनावर पिटाळलं. वाटेत झुलालनं मनाशी ठरवलं होतं, आज विचारायचंच. खुर्ची दिलीस ती माझी कीव करून, की खरंच माझी लायकी होती म्हणून? गाडीत गर्दी होती. अभिमन खिडकीशी बसला होता. पुन्हा भेट व्हायची नाही, हे दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. झुलालनं डबा गजांतून आत दिला.

"डबामा काय शे?"

"भरीत. कळणानी भाकर."

"मिरची जास्त नही ना टाकी वहिनीनी?"

"माले इचारीसन टाकस का ती?"

अभिमन हसला. गाडीनं शिटी दिली.

"रिकामा डबा धाडी दिसू."

"घाई नही शे," झुलाल म्हणाला.